वेगवान गाडीचा टायर : भाव विचारण्याआधी अक्षरे वाचा

३० नोव्हेंबर २०१३ रोजी अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिस जिल्ह्यातील सांता क्लॅरिटा येथे एक मोटार अपघात झाला. ‘फास्ट अँड फ्युरियस’ या चित्रपटमालेमुळे जगभर माहीत झालेले अभिनेते पॉल वॉकर त्यात मरण पावले. गाडी त्यांचा मित्र चालवीत होता. तोही वाचला नाही. गाडी होती २००५ सालची पोर्श कॅरेरा जीटी, सहाशेहून अधिक अश्वशक्तीची.

चौकशी करणाऱ्यांनी मार्च २०१४ मध्ये आपला निष्कर्ष जाहीर केला. जेथे ताशी ४५ मैलांची, म्हणजे सुमारे ७२ किलोमीटरची मर्यादा होती, तेथे गाडी ताशी ८० ते ९३ मैल, म्हणजे १२९ ते १५० किलोमीटर वेगाने गेली होती. अपघाताचे कारण वेग हेच ठरले. पण आणखी एक गोष्ट त्यांनी नोंदवून ठेवली. त्या गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे गाडीवरील ताबा कमी झाला असण्याची शक्यता होती.

नऊ वर्षे! लाखो डॉलर्सची गाडी, पण जमिनीला टेकणारे रबर जुने. आणि हे वय लपलेले नव्हते. ते प्रत्येक टायरच्या बाजूवर चार आकड्यांत छापलेले असते. वाचणारा हवा.

आमच्या वाचकांत टायरची दुकाने चालविणारे, पंक्चर काढणारे, अलाइनमेंटचे यंत्र घेऊन बसलेले आणि गॅरेजवाले बरेच आहेत. कोकणातील अनेक घरांतील मुले आखाती देशांत याच धंद्यात राबत आहेत. त्यांच्यापैकी कोणी म्हणेल, ‘अशा गाड्या आपल्या दारात कुठे येतात?’ येतात. मोठ्या ताकदीच्या गाड्या आता जुन्या बाजारातही मिळतात. पहिला मालक कंपनीच्या शोरूममध्ये जातो, पण दुसरा आणि तिसरा मालक ओळखीचा दुकानदार शोधतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण झाला. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये सर्वांसाठी संपूर्ण खुला झाला आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. गाडी आहे, रस्ता आहे. मधला दुवा टायरचा आणि तो बसविणाऱ्याचा आहे. म्हणून हा विषय आम्ही घेतला.

पंजाएवढा आधार

एक साधा हिशेब करून पाहू. गाडीचे वजन १५०० किलो धरले तर एका चाकावर सरासरी ३७५ किलो भार येतो. टायरमध्ये ३५ पौंड हवा असेल, तर ती दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच किलो भार पेलते. म्हणजे जमिनीला टेकणारा भाग झाला साधारण १५० चौरस सेंटिमीटर, माणसाच्या उघड्या पंजाएवढा. गाडी कितीही भारी असो, वळणे, थांबणे आणि पळणे हे सारे या चार पंजांवर चालते. शिवाय वेग दुप्पट झाला की गाडी थांबविण्यासाठी अंतर चौपट लागते. हा निसर्गाचा नियम आहे आणि कोणतेही इंजिन तो बदलू शकत नाही.

ही गोष्ट गिऱ्हाइकाला दुकानात हाताचा पंजा दाखवून सांगावी. महाग टायर कशासाठी, हे त्याला मग पटवावे लागत नाही.

बाजूवर काय लिहिले आहे?

उदाहरणादाखल एक टायर घेऊ. त्यावर लिहिले आहे : २३५/४० झेडआर १९ (९६ वाय) एक्सएल.

२३५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ४० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ४० टक्के, म्हणजे ९४ मिलिमीटर, जेमतेम चार बोटे. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १९ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. येथपर्यंत बहुतेक कारागिरांना ठाऊक असते. पुढचे मात्र अनेकदा वाचलेच जात नाही.

९६ हा भाराचा आकडा आहे. त्याचा अर्थ ९६ किलो नव्हे. कोष्टकाप्रमाणे ९६ म्हणजे एका टायरवर ७१० किलो, ९२ म्हणजे ६३० किलो आणि १०० म्हणजे ८०० किलो. एक्सएल म्हणजे जादा हवा आणि जादा भार सोसणारी बांधणी.

त्यानंतरचे अक्षर वेगाचे. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७० आणि वाय म्हणजे ३००. भाराचा आकडा आणि वाय हे अक्षर कंसात असेल तर तो टायर ३०० च्याही वरच्या वेगासाठी तपासलेला आहे. झेडआर हे जुने लेखन २४० च्या वरच्या टायरांसाठी चालत आले आहे.

येथे गिऱ्हाईक हमखास विचारते, ‘आपल्याकडे १२० ची मर्यादा, मग ३०० चा टायर कशाला?’ प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर दुकानदाराला देता आले पाहिजे. हे अक्षर केवळ वेगाचे नसते. टायर किती उष्णता सोसेल आणि त्याच्या आतली बांधणी किती घट्ट आहे, हेही ते सांगते. ज्या गाडीचे ब्रेक, स्प्रिंग आणि स्टिअरिंग वाय टायर धरून जुळविले आहेत, त्या गाडीला एच टायर घातला तर जोराचा ब्रेक मारताना किंवा वळणावर ती वेगळी वागते. चालकाला ते आधी कळत नाही आणि कळते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून कंपनीने सांगितलेल्या खुणेपेक्षा खालचा टायर द्यायचा नाही, हा पहिला नियम. भाराच्या आकड्यालाही तोच नियम लागू.

चार आकड्यांची जन्मतारीख

टायरच्या बाजूवर डीओटी ही अक्षरे शोधावीत. त्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. पूर्ण ओळ एकाच बाजूला असते, म्हणून कधी कधी टायर उलटून पाहावा लागतो. शेवटी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालापूर्वीचा आहे. त्याला हात लावू नये.

रबर वापराने झिजते, तसे ते न वापरताही म्हातारे होते. ऊन, उष्णता आणि हवेतला ओझोन त्याचा मऊपणा काढून घेतात. स्पोर्ट्स कारची खरी अडचण येथेच आहे. अशी गाडी रोज फिरत नाही. वर्षातून थोडीच पळते आणि बाकीचे दिवस कापडाखाली झाकून उभी असते. नक्षी खोल दिसते, मालक खूश असतो. आतले रबर मात्र कडक झालेले असते. रोजच्या टॅक्सीचा टायर आधी गोटा होतो आणि मग बदलला जातो. शौकाच्या गाडीचा टायर गोटा न होताच निकामी होतो.

अनेक मोटार कंपन्या सहा वर्षांनंतर टायर बदलण्यास सांगतात. काही टायर कंपन्या पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी करून घ्या म्हणतात आणि तयार झाल्यापासून दहा वर्षे ही अखेरची हद्द मानतात. ताकदवान गाडीच्या बाबतीत आम्ही सहा वर्षांचाच सल्ला देऊ.

मऊ रबर, कडक रबर

काही टायरांवर अमेरिकी पद्धतीची तीन मापे छापलेली असतात. ट्रेडवेअर हा झिजेचा आकडा. १०० हे मूळ माप धरून ३०० म्हणजे त्या परीक्षेत तिप्पट टिकणारा. हा आकडा कंपनी स्वतःच ठरविते, म्हणून एका कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला तो बरा, दोन कंपन्यांची करायला तेवढा विश्वासाचा नाही. साध्या गाडीच्या टायरवर तो बराच मोठा असतो. रस्त्यावरच्या उत्तम स्पोर्ट्स टायरवर ३०० च्या आसपास आणि शर्यतीच्या जवळ जाणाऱ्या टायरवर २०० किंवा त्याहून कमी. जो रस्ता घट्ट धरतो तो लवकर झिजतो, ही सौद्याची गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगावी. नाहीतर वर्षभरात तो तक्रार घेऊन येतो.

दुसरे माप ट्रॅक्शन, म्हणजे ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत थांबण्याची ताकद : एए सर्वांत वर, मग ए, बी, सी. वळणावरच्या पकडीबद्दल ते काही सांगत नाही. तिसरे टेम्परेचर, म्हणजे उष्णता सोसण्याची ताकद : ए, बी, सी. ए टायर प्रयोगशाळेत ताशी १८५ किलोमीटरच्या वर टिकलेला असतो. आपल्या उन्हाळ्यात आणि आखातात तर या अक्षराकडे डोळेझाक करून चालणार नाही.

युरोपात थंडीमुळे ‘समर’ आणि ‘विंटर’ असे वेगळे टायर असतात. समर टायरचे रबर सुमारे ७ अंशांच्या खाली कडक होऊ लागते. आपल्याकडे तशी थंडी क्वचितच पडते, म्हणून महाराष्ट्रातल्या वेगवान गाडीला समर टायर योग्य. आपला खरा शत्रू पाऊस आहे.

पावसाळा आणि रुंद टायर

रुंद टायर कोरड्या रस्त्यावर भक्कम धरतो. साचलेल्या पाण्यावर मात्र तोच आधी तरंगतो, कारण रुंदीमुळे त्याला जास्त पाणी बाजूला सारावे लागते. पाणी निघून गेले नाही तर टायर रस्ता सोडून पाण्यावर चढतो. मग स्टिअरिंगही चालत नाही आणि ब्रेकही. पाणी बाहेर काढण्याचे काम उभ्या खोल चरांचे आहे. कायद्याने मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालते आणि चरांमधले छोटे उंचवटे तीच खूण दाखवितात. पण रुंद टायरच्या वेगवान गाडीला एवढ्या नक्षीवर पावसाळा काढू देणे धोक्याचे आहे. ३ मिलिमीटर राहिले की बदला, असे आम्ही सांगू.

‘ट्रॅक टायर’ मागणारे हौशी तरुणही भेटतात. त्यावर चर कमी असतात आणि तो गरम झाल्यावरच नीट धरतो. दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर, जे २०११ साली सुरू झाले, तेथे तो शोभेल. जुलै महिन्यात खंडाळ्याच्या घाटात तोच टायर काळ ठरू शकतो. असे गिऱ्हाईक परत गेले तरी चालेल, पण त्याला आधी हे सांगितल्यावाचून सोडू नये.

मोटार कंपनीची खूण

पोर्श, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज यांसारख्या कंपन्या आपल्या गाडीसाठी खास जुळविलेल्या टायरवर खूण करवून घेतात. पोर्शची खूण एन आणि पुढे आकडा, बीएमडब्ल्यूची चांदणी, मर्सिडीजची एमओ. त्याच कंपनीचा, त्याच नावाचा, त्याच मापाचा टायर बिनखुणेचाही मिळतो. तो वाईट नसतो, पण आतली बांधणी वेगळी असू शकते. एकाच गाडीवर खुणेचे आणि बिनखुणेचे टायर मिसळू नयेत.

स्पोर्ट्स कारमध्ये पुढचे आणि मागचे माप अनेकदा वेगळे असते. २०१९ साली आलेल्या ९९२ पिढीच्या पोर्श ९११ कॅरेराला पुढे २३५/४० झेडआर १९ आणि मागे २९५/३५ झेडआर २० टायर येतात. म्हणून साध्या गाडीसारखी पुढची चाके मागे फिरविता येत नाहीत. एक टायर फाटला तर त्या धुरीवरचे दोन्ही बदलणे हाच सरळ मार्ग. काही टायरांवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, काहींवर ‘आउटसाइड’ असे लिहिलेले असते. घाईत उलटा बसविला तर पावसात पाणी नीट निघत नाही, आणि दोष टायरवर येतो.

बसविणाऱ्याचे कसब

चार बोटांच्या बाजूचा टायर रिमवर चढविणे हे ट्रकच्या टायरपेक्षा नाजूक काम आहे. लोखंडी पट्टी मारून चढविला तर रिमची कड ओरखडते, कधी टायरची कडही फाटते. मदतीचा हात असलेले यंत्र, भरपूर साबण आणि सबुरी या तीन गोष्टी लागतात. चाक आवळताना हवेच्या बंदुकीने शेवटचा आवळा देऊ नये, मापाचा पाना वापरावा. ९११ च्या काही प्रकारांत चाक एकाच मोठ्या नटावर असते आणि तो ६०० न्यूटन मीटर इतका आवळावा लागतो. ते हत्यार नसेल तर काम घेऊ नये. नाही म्हणण्यात कमीपणा नाही.

पंक्चरबद्दल दोन शब्द. बाहेरून दोरी ठोकून पंक्चर काढण्याची आपली पद्धत वेळ निभावण्यापुरती आहे. वेगवान गाडीचा टायर रिमवरून उतरवून आतून तपासावा. भोक नक्षीच्या मधल्या पट्ट्यात असेल आणि ६ मिलिमीटरपर्यंत असेल तरच आतून मशरूम ठिगळ लावावे. बाजूला भोक असेल तर दुरुस्ती नाहीच. हवा नसताना टायर पळविला असेल तर आत काळी भुकटी दिसते. तो टायर गेला. खड्ड्यात आपटून बाजूला फुगा आला असेल तर आतल्या दोऱ्या तुटलेल्या आहेत. त्यावर कोणताही इलाज नाही.

हवा टायर थंड असतानाच मोजावी. तापमान सुमारे ५ ते ६ अंशांनी वाढले की दाब एक पौंड वाढतो, म्हणून लांबून आलेल्या गाडीची हवा ‘जास्त झाली’ म्हणून काढून टाकणे ही चूक आहे. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, जास्त तापतो आणि वेगात फुटतो. नायट्रोजनचा बोलबाला फार आहे. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नायट्रोजन कोरडा असतो आणि दाब थोडा स्थिर राहतो, इतकाच त्याचा गुण. तो भरला म्हणून हवा तपासायची गरज संपत नाही. नवा टायर बसविल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जपून चालवायला सांगावे. साच्यातून निघालेला टायर आधी गुळगुळीत असतो.

व्यापाराची बाजू

या मापांचा माल भरून ठेवण्याच्या फंदात छोट्या दुकानदाराने पडू नये. मापे असंख्य, गिऱ्हाईक मोजके आणि पडून राहिलेला टायर आठवड्या-आठवड्याने म्हातारा होणार. मागणी आली की मागवावा आणि माल उतरविताना घाऊक व्यापाऱ्यासमोरच तारीख वाचावी. जुनी निघाली तर तेथेच परत करावा.

दुकानाबाहेर उन्हात टायर टांगून ठेवण्याची रीत आपल्याकडे सर्रास आहे. जाहिरात होते, पण मालाचे आयुष्य कमी होते. नवा माल सावलीत, कोरड्या जागी आणि वेल्डिंगपासून दूर ठेवावा, कारण त्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो. बाहेर टांगायला एखादा बाद टायर पुरे.

आयएसआय खूण नसलेला नवा टायर विकू नये. मोटारींच्या टायरांना ही खूण सक्तीची आहे. जून २०२० पासून नव्या टायरांच्या आयातीवर सरकारने परवान्याचे बंधन घातले आहे, म्हणून ‘बाहेरून आलेला स्वस्त माल’ कोणी देऊ लागला तर कागद आधी मागावेत. नव्या टायरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. ही सवलत गिऱ्हाइकापर्यंत पोहोचवावी आणि पक्के बिल द्यावे. बिलावर टायरची तारीख लिहून देण्याची सवय लावली तर दुकानाचे नाव आपोआप होते.

सर्वांत अवघड परीक्षा जुन्या मालाची. चार-पाच वर्षे पडून असलेला टायर, वरून पॉलिश, गिऱ्हाइकाला आकड्यांचा अर्थ माहीत नाही. नफा हातात आहे आणि विचारणारे कोणी नाही. आमच्या परिचयाचे एक वृद्ध दुकानदार अशा वेळी काय करतात, ते आम्ही पाहिले आहे. जुन्या बाजारातून ताकदवान गाडी घेतलेला एक तरुण त्यांच्याकडे आला. ‘चाचा, मापाचे स्वस्तात स्वस्त चार टायर द्या,’ म्हणाला. चाचांनी त्याला खाली बसविले, त्याच्याच गाडीच्या टायरवर बोट ठेवून शेवटचे चार आकडे वाचायला लावले आणि म्हणाले, ‘बेटा, हा टायर आठ वर्षांचा आहे. गाडी घेताना तुला कोणी सांगितले होते का?’ त्याला कोणी सांगितले नव्हते. त्या दिवशी त्याने दोनच टायर घेतले, पण योग्य घेतले, आणि बाकीचे दोन येईपर्यंत गाडी घरी उभी ठेवली. पुढच्या महिन्यात तो आला तेव्हा बरोबर दोन मित्रांच्या गाड्या होत्या.

टायर आता घरबसल्याही मागविता येतो. भावाच्या स्पर्धेत छोटा दुकानदार मोठ्यांपुढे टिकणार नाही. पण टायर हातात घेऊन तो वाचून दाखविणे, गाडीचा वापर विचारून योग्य तो सुचविणे आणि नीट बसवून देणे, हे काम दुकानातच होते. पंक्चरच्या टपरीवर बसणाऱ्या मुलाने ही अक्षरे पाठ केली तर उद्या तो मोठ्या गाड्यांचा उस्ताद होऊ शकतो. त्यासाठी पदवी लागत नाही, डोळे उघडे लागतात.

सांता क्लॅरिटाच्या त्या गाडीचे टायर कोणी वेळेवर वाचले असते तर अपघात टळला असता की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. वेग हा वेगच. पण ज्याच्या हातून चाक बसते, त्याच्याकडे गिऱ्हाइकाचा जीव अमानत असतो. तेव्हा पुढची वेगवान गाडी दुकानापुढे उभी राहिली की आधी खाली वाकावे, चार आकडे वाचावेत आणि मगच भाव सांगावा.